परदेशातला दिनक्रम



पोटापाण्यासाठी घर सोडणे आपल्या महाड-पोलादपूर भागाला नवीन नाही. कुडपणसारख्या डोंगरातल्या गावात भात-नाचणीवर वर्ष निघत नाही, म्हणून आधीच्या पिढ्यांनी मुंबईची वाट धरली. आता मुले दुबई, कुवेत, दोहा येथे जातात. त्यांच्या घरी विचारपूस केली की एक वाक्य हमखास कानावर पडते : "दोन वर्षे कशी तरी काढायची, फादर."

यिर्मया संदेष्ट्याच्या काळातही हीच 'दोन वर्षे' होती. यरुशलेमचे लोक बाबेलला बंदिवासात नेले गेले, तेव्हा हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सांगितले की, दोन वर्षांत सर्व परत येतील. लोकांना ते गोड वाटले, पण ते खोटे होते. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र लिहून कळवले की, तिथेच घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा (यिर्मया 28 व 29). परत येण्याचे वचन देवाने दिलेच होते, पण तोवरचे दिवसही देवाचेच होते. ते वाया घालवायचे नव्हते.

जो केवळ दिवस मोजतो, त्याचे तिथे काय होते? जेवणाला वेळ राहत नाही, रात्र मोबाईलवर जाते, सुटीचा दिवस झोपेत जातो. आधी प्रार्थना सुटते, मग कधी बाटली हाती येते. पगार वेळेवर घरी पोहोचतो, पण माणूस हळूहळू हरवतो.

ॲरिस्टॉटल हा तत्त्ववेत्ता सांगतो की, सद्‌गुण सवयीने अंगी बाणतो. न्यायाची कृत्ये करत राहिल्याने माणूस न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही हा विचार पुढे नेला. याचे उत्तम उदाहरण दानीएल. परक्या राजाची चाकरी करतानाही तो दिवसातून तीन वेळा यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडून गुडघे टेकत असे. प्रार्थनेवर बंदी आली, तेव्हा त्याने नवीन काही केले नाही, नेहमीप्रमाणे गुडघे टेकले (दानीएल 6). संकटाच्या दिवशी रोजची सवयच त्याच्या कामी आली.

कोणी म्हणेल, "फादर, तिथे आमचा वेळ आमच्या हातात नसतो." खरे आहे. पाळी कंपनी ठरवते, बस कंपनीची, खोलीत पाच-सहा जण. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करण्यास बंदी असते, त्यामुळे उन्हाळ्यात काम भल्या पहाटे सुरू होते. तरीही उठल्यावर क्रुसाची खूण, बसमध्ये जपमाळेचे एक दशक, झोपण्यापूर्वी दिवसाचा आढावा, एवढे आपल्या हातात उरते. कुवेत व कतारमध्ये शुक्रवारी सुटी असते, म्हणून त्या दिवशी मिस्साला मोठी गर्दी होते. अमिरातीत 2022 पासून रविवारीही सुटी असते. सौदी अरेबियात चर्च नाही. तिथे आपल्या मुलाची खाट हेच त्याचे प्रार्थनास्थान.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीच जपानला गेले. तिथे ते पाहुण्यासारखे राहिले नाहीत. त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली, व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिला. परक्या लोकांना त्यांनी आपले मानले, म्हणूनच ते त्यांच्यासाठी मरणापर्यंत जाऊ शकले.

आता घरी असलेल्या आपल्याविषयी. मुलाचा दिनक्रम बसावा असे वाटत असेल, तर घराचाही बसला पाहिजे. आपण रात्री आठ वाजता जपमाळ म्हणतो, तेव्हा दुबईत साडेसहा आणि कुवेत-दोह्यात साडेपाच वाजलेले असतात. त्याच्या पाळीला जुळणारी एक वेळ ठरवा आणि फोनवर एक दशक तरी एकत्र म्हणा. फोन केल्यावर पहिला प्रश्न "पैसे पाठवलेस का?" हा नसावा. "जेवलास का? मिस्साला गेला होतास का?" हे आधी विचारा. त्यावरून त्याला कळेल की घराला तो हवा आहे.

पवित्र कुटुंबालाही मिसर देशात परके होऊन राहावे लागले. तिथेही योसेफाने सकाळी उठून काम शोधले असेल, मरियेने चूल पेटवली असेल आणि बाळ येशू त्याच साध्या दिवसांत वाढला असेल. घरापासून दूर असलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला संत योसेफाच्या हाती सोपवू या. त्यांची नावे येत्या रविवारी मिस्सापूर्वी माझ्याकडे द्या. भाविकांच्या प्रार्थनेत आपण ती एकेक करून घेऊ.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू