वाट, तिथी आणि वाफसा

वारी म्हणजे पोहोचणे की चालणे, हा प्रश्न आपल्या फडात नवा नाही. कोणी म्हणतो, पांडुरंगाचे दर्शन झाले म्हणजे वारी झाली, मग पायी जा की गाडीने जा. कोणी म्हणतो, पायी वाट चालणे हीच वारी, दर्शन हा तिचा प्रसाद. दोन्हीही बाजू आपण पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत आणि टाळांच्या गजरात विसरूनही गेलो आहोत. परंतु एखाद्या माणसाच्या अंगावर हा प्रश्न येऊन पडतो, तेव्हा तो चर्चेचा राहत नाही. असा एक प्रसंग येथे सांगावयाचा आहे.

शाहूपुरी ही कोल्हापूरची व्यापारी पेठ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसविली. अडत, हमाली, गुळाचा सौदा यांवर ती वाढली. तेथेच आमच्या मंडळींचे एकादशीचे भजन असते. करवीर तालुक्यातील एक माळकरी शेतकरी पूर्वीपासून या भजनास येतात. वीस-बावीस वर्षे माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पायी जाण्याचा त्यांचा नेम. २०२३ सालच्या आषाढात मात्र तो वाटेत मोडला. परत आल्यावर भजन संपले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बुवा, मी पंढरीला पाठ दावली. माजी वारी मोडली का, एवढं सांगा.”

झाले होते ते असे. त्या वर्षी आषाढी एकादशी २९ जूनला आली. म्हणजे प्रस्थान जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात. मृग लागला होता, पण पाऊस नव्हता. अरबी समुद्रातील चक्रीवादळाने मोसमी वाऱ्यांची चाल अडविली आणि महाराष्ट्रभर पाऊस व्यापावयास जूनची २५ तारीख उजाडली. आमचे माळकरी कोरड्या रानाला हात जोडून निघाले होते. दिंडी वेळापूरच्या आसपास असताना घरून फोन आला. कारभारीण म्हणाली, “पाऊस लागलाय. दोन दिसांत वाफसा व्हईल. येतासा, का माणूस लावू?” थोरला मुलगा परगावी नोकरीला, कारभारणीच्या गुडघ्याला दुखणे, आणि त्या दिवसांत लावायला माणूस मिळणार कोठून? सारा गावच चाड्यावर मूठ धरून बसलेला. पंढरी तीन मुक्कामांवर होती. त्यांनी विणेकऱ्यांच्या पाया पडून पडशी उचलली आणि एस.टी. धरली.

त्या रात्री भजनात दोन तट पडले. एकजण म्हणाला, देवाने परीक्षा पाहिली आणि हे उतरले नाहीत. दुसरा म्हणाला, सावतोबांना आठवा, मळा हीच त्यांची पंढरी होती. मी वयाने मोठा म्हणून माझ्याकडे सगळे पाहू लागले. मी म्हणालो, “नेम तो नेम. तीन मुक्कामांसाठी मोडावयाचा नव्हता.” ते काही बोलले नाहीत. चपला घालून निघून गेले. माझे ते बोलणे घाईचे होते, हे मला पुढे विचार करता कळले. तो विचारच येथे मांडतो.

प्रथम तिथीचे पाहू. आपली वारी चंद्रावर चालते. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. शेतकऱ्याची पेरणी मात्र सूर्यावर चालते. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे म्हणजे त्या त्या नक्षत्रात सूर्याचा प्रवेश. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, पण आषाढी कधी जूनअखेर येते, तर कधी जुलैअखेर. २०२३ साली ती २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच पडत राहिली असती, तर आषाढी हळूहळू सरकत उन्हाळ्यात, मग हिवाळ्यात गेली असती. मुसलमान बांधवांचे रमजान व मोहरम असेच सर्व ऋतूंतून फिरतात, कारण त्यांची कालगणना शुद्ध चांद्र आहे. आपल्या पंचांगकर्त्यांनी काय केले? सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिकमास घातला. २०२३ साली श्रावण अधिक होता. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने आषाढी २५ जुलैला येते.

अधिकमास म्हणजे दान, स्नान, जावयाला अनारसे, एवढेच आपण समजतो. परंतु त्याचा मूळ अर्थ मोठा आहे. चंद्र पुढे निघून गेलेला असतो, तो सूर्यासाठी एक महिना थांबतो. तिथीने ऋतूसाठी केलेला तो मुक्काम होय. ज्या पंचांगावर आपण वारीचा दिवस ठरवितो, त्या पंचांगाच्या पोटातच ‘थांबणे’ घातलेले आहे! मग थांबलेल्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने बोल लावावा?

येथे कोणी विचारील, चंद्राचा बीजावर काही परिणाम होतो की नाही? शुद्ध पक्षात पेरावे, वद्य पक्षात बांबू तोडावा, असे आपले जुने लोक सांगत. युरोपातही हा विचार आहे. जर्मनीतील मारिया थुन या बाईंनी १९६३ पासून चंद्राच्या गतीनुसार पेरणीचे पंचांगच छापावयास आरंभ केला आणि पुष्कळ शेतकरी-बागाईतदार ते पाळतात. समुद्राची भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे खरे. पण चंद्राच्या तिथीने पीक वाढते, असा निश्चित पुरावा काटेकोर प्रयोगांतून पुढे आलेला नाही. संतांनीही मुहूर्त-शकुनाचे स्तोम माजविले नाही. मग तिथी पाळण्यात अर्थ काय? माझ्या अल्पमतीस वाटते, तिथी बिजाला कळत नसेल, पण ती माणसाला कळते. आमच्याकडे पुष्कळ गावांत अवसेला औत धरत नाहीत. त्याने जमिनीचे काय होते ते देव जाणे, पण बैलाची मान त्या दिवशी मोकळी राहते. ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात. तिथी म्हणजे माणसाच्या हावेला घातलेला बांध होय, ओंबीत दाणे भरण्याचे यंत्र नव्हे.

आता चालण्याचे पाहू. आजकाल निराळ्याच मंडळींनाही चालण्याचा छंद लागला आहे. १९६७ साली रिचर्ड लाँग नावाच्या तरुण इंग्रज कलावंताने एका कुरणात एकाच रेषेत पुनःपुन्हा येरझारा घातल्या. गवत दबून जी वाट उमटली तिचे छायाचित्र घेतले आणि ‘हीच माझी कलाकृती’ असे जाहीर केले. तेव्हापासून ही रीत वाढली. कलावंत एखाद्या गावी काही आठवडे निवासास जातात, तेथली माती ओळखतात, रोज चालतात, कोणी चंद्राच्या कला पाहून बी टोकतात. अखेरीस चित्र वा मूर्ती दाखवीत नाहीत. जे केले तेच, म्हणजे ती सारी प्रक्रियाच, लोकांपुढे ठेवतात. आपल्याकडेही दि. बा. मोकाशी हे साहित्यिक दिंडीबरोबर पायी चालले आणि १९६४ साली त्यांचे ‘पालखी’ हे पुस्तक निघाले. ते चालले पाहणाऱ्याच्या नात्याने, तरी चालल्यावाचून पाहता येत नाही हे त्यांनी ओळखले.

या मंडळींची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या काळात सर्व गोष्टी वजनावर आणि भावावर विकल्या जातात, त्या काळात ‘करणे हेच मोल’ असे म्हणणारा माणूस आपल्या जवळचाच आहे. गुळाच्या पेठेतच हे पाहावे. गुळाच्या सौद्यात रव्याचा रंग पाहतात, कण पाहतात, वजन करतात. गुऱ्हाळावर काहिलीपुढे कोण रात्रभर जागला, हे काट्यावर चढत नाही. वारकऱ्याचे चालणेही कोणत्या काट्यावर चढत नाही.

पण एक फरक आहे. कलावंताने टोकलेले बी उगवले नाही तरी त्याचे काम फसत नाही. न उगवणेही तो दाखवू शकतो. शेतकऱ्याचे बी उगवले नाही तर घरात कणगी रिकामी राहते आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर बसते. भुईमूग-सोयाबीनच्या रानाला वाफसा चार दिवस मिळाला तर मिळाला. पुन्हा पावसाने गाठले की कुरी चालत नाही, चिखलात बी कुजते. ‘फळाकडे पाहू नका, वाटेकडे पाहा,’ हे सांगणे ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सोपे आहे.

आपण म्हणाल, गीतेनेही फलाशा सोडावयास सांगितले आहे. होय. पण फलाशा सोडणे निराळे आणि फळाची जबाबदारी सोडणे निराळे. पीक मला धनी करील, माझे नाव करील, ही आशा. घरच्यांच्या तोंडी दोन घास पडले पाहिजेत, ही जबाबदारी. आई मुलाला दूध पाजते, ते ‘मोठा होऊन पोसेल’ या आशेने पाजत असेल तर ती फलाशा. पण ‘मी निष्काम आहे’ म्हणून ती दूधच पाजणार नसेल, तर त्या निष्कामतेला काय म्हणावे? मी त्या रात्री घोटाळा केला तो येथेच. मी जबाबदारीला आशा समजलो.

शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर तिच्यात शिरला आणि घडविलेल्या गणेशमूर्तींची फार हानी झाली. भाद्रपद शुद्ध चतुर्थी काही चिखल वाळेपर्यंत थांबणार नव्हती. कुंभार पुन्हा मातीला बसले. मूर्ती अखेर पाण्यातच विसर्जित होणार, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? तरी कोणी म्हणाला नाही की पाण्यातच जावयाची, ती गेली. चतुर्थीला घराघरांत गणपती बसला पाहिजे, ही त्यांची जबाबदारी, पुढचे देवाचे.

आणि कुंभार म्हटला की तेरचे गोरोबाकाका आठवतात. नामात तल्लीन होऊन माती तुडविताना पोटचे मूल पायाखाली आले, ही कथा आपण सर्व जाणतो. देवाने मूल परत दिले, हेही कीर्तनात ऐकतो. गोरोबांवर बोट ठेवण्याची आपली पात्रता नाही. पण आपण सामान्य माणसे त्या कथेतला चमत्कार तेवढा घेतो आणि तल्लीनतेत पायाखाली कोण आहे ते पाहावे, ही खूण विसरतो. आमच्या माळकऱ्यांनी दिंडीत नाचताना पायाखाली पाहिले. तेथे त्यांना घर दिसले.

मग अडचण आली की वाटेतून फिरावे, असा याचा अर्थ होईल काय? मुळीच नाही. असे झाले तर प्रत्येकाला प्रत्येक वर्षी वाफसा येईल! सावतोबांचे नावही असेच पळवाट म्हणून घेतले जाते. अरणचा हा माळी पंढरीस गेला नाही, देवच त्याच्या मळ्यात आला, हे आपण सांगतो. पण मळ्यात त्याचे नाम क्षणभर खंडले नाही, हे सांगावयाचे राहते. म्हणून परतणाऱ्याने स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, मी न गेलो तर दुसऱ्या कोणाचे पोट मारले जाते काय, की केवळ माझीच सोय बुडते? दुसरी, परतीच्या वाटेवर मी काय बरोबर नेतो? ज्याला सुटल्यासारखे वाटले, त्याची वारी मोडली. ज्याने टाळ पडशीत घातला पण नाम खाली ठेवले नाही, त्याची वारी वळली, मोडली नाही.

२०२० साली महामारीमुळे संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. लाखो वारकरी घरी राहिले. तेव्हा वारी मोडली असे आपण म्हटले नाही. दुसऱ्याच्या जिवासाठी थांबणे हाही नेमच, असे म्हणालो. जे लाखांसाठी खरे, ते एकट्यासाठी खोटे कसे?

पुढचे थोडे सांगून संपवितो. त्या माळकऱ्यांनी दशमीला दिवसभर कुरी धरली. तिसऱ्या प्रहरी शेवटचे तास संपले. एकादशीला पहाटे ते कोल्हापूरला आले आणि नंदवाळच्या पायी दिंडीत सामील झाले. दहा-बारा किलोमीटरची ती वाट. पुईखडीला रिंगण झाले तेव्हा ते कडेला उभे होते. हे मला त्यांच्या तोंडून कळले नाही. त्यांना तेथे पाहिलेल्या दुसऱ्या एकाने सांगितले. नखांत काळी माती तशीच होती, असे तो म्हणाला.

पुढच्या एकादशीला मी त्यांच्या गावी गेलो. सोयाबीन वीतभर झाले होते. मी बांधावर त्यांच्या पायांस हात लावू लागलो तर त्यांनी मागे सरून माझेच पाय धरले. आपली तीच रीत. मी म्हणालो, “अण्णा, तुमची वारी झाली. मोडलं ते माझं बोलणं.” ते हसले व म्हणाले, “बुवा, बांधावरनं चला. तासात पाय पडंल.”

वारी म्हणजे पोहोचणे की चालणे, याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. चालावे, पण कोणाच्या उगवत्या तासावर पाय न देता चालावे.

रामकृष्णहरि.