हिरड्या आणि पूर्वजन्म

माझी नणंद म्हणते, "वहिनी, मागच्या जन्मीचं फिटतं आहे, सहन करा." आमचं घर 1956 पासून बौद्ध; तिचेच वडील 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होते. तरी दुखणं लांबलं की जुनी भाषा तोंडात येतेच. मनीषनगरातल्या शेजारणीही हेच म्हणतात, मायेनं म्हणतात. म्हणून मला त्यांना नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

माझ्या हिरड्या लालभडक होऊन सोलायच्या. वरणातली मिरचीसुद्धा झोंबायची. दात साफ करून झाले, टूथपेस्ट बदलून झाल्या. शेवटी मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात एका डॉक्टर मुलीनं हिरडीवर हलकंच बोट घासलं, तर साल सुटून आली. तिनं तुकडा घेतला तो सोललेल्या जागेचा नाही, शेजारच्या धड हिरडीचा. साल गेली की पुरावाही जातो. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला, दुसरा वेगळ्या द्रावणात, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी. साल खालच्या थराला जिथे धरून असते, नेमक्या त्या रेषेवर माझ्याच रक्तातल्या प्रतिपिंडांची सलग पट्टी दिसली. निदान झालं: म्युकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड.

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नणंदेचाच प्रश्न विचारतो: माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, आघात आणि शेवटी कर्मविपाक. सगळंच पूर्वकर्मावर घालणारे लोक स्वतःला कळणाऱ्या आणि जगानं खऱ्या मानलेल्या गोष्टींच्याही पुढे धावतात, असं ते म्हणतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये तर गतजन्मीच्या कर्मानं हा जन्म ठरतो ही कल्पनाच नाकारली. कुणी म्हणेल, आठवं कारण उरतंच ना? सुत्तात उरतं. पण आधीची सात पाहता येतात, तपासता येतात, आणि ती न तपासता आठव्यावर उडी मारणं मला दुखणाईतावरचा अन्याय वाटतो.

या अन्यायाचा इतिहास आमच्या विदर्भात फार दूर शोधावा लागत नाही; माझ्या औषधातच तो सापडतो. रात्री हिरड्यांवर साच्यातून स्टिरॉइडचं मलम लावते, त्याशिवाय मला डॅप्सोनची गोळी आहे. ती सुरू करण्याआधी जी-सिक्स-पी-डी तपासतात, कारण ते विकर कमी असेल तर रक्तपेशी फुटतात. डॅप्सोन ही मूळची कुष्ठरोगाची गोळी. डॉक्टर हॅन्सेननं 1873 मध्येच या रोगाचा जंतू दाखवला होता, तरी आपल्याकडे कुष्ठरोग्यांना पापी म्हणून गावाबाहेर काढत राहिले. त्यांच्यासाठी वर्ध्याजवळ दत्तपूरची, वरोऱ्याला आनंदवनाची वसाहत उभी करावी लागली. पुढे औषधांनी जंतू मारला आणि रोग बरा झाला. कोणतं पाप धुतलं त्या औषधांनी?

माझा आजार कधी डोळ्यांतही उतरतो. पापणी आतून बुबुळाकडे चिकटत जाते, व्रण पडतात, दृष्टी जाऊ शकते. म्हणून डोळ्यांत काही खुपत नसलं तरी मला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतात. नणंदेला मी एवढंच विचारलं: मागच्या जन्मीचं फेडत मी घरी बसले असते, तर डोळे दाखवायला कोण गेलं असतं?