आपल्या आनंदात कुणाला जागा आहे?

आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. ख्रिस्तसभा याला आनंदाचा रविवार म्हणते. वेदीजवळच्या हिरव्या चक्रातील चार मेणबत्त्यांपैकी तीन जांभळ्या असतात आणि एक गुलाबी. ती गुलाबी मेणबत्ती आज पेटते. नाताळ दहा-बारा दिवसांवर आला आहे आणि घराघरांत धावपळ सुरू आहे. कुठे भिंतींना रंग लागतो आहे, कुठे जुन्या लाद्या निघून नव्या बसत आहेत. मुले बांबूच्या कामट्या बांधून चांदणी तयार करीत आहेत, गोठ्यासाठी माती आणि गवत गोळा करीत आहेत. स्वयंपाकघरात नानखटाईचे पीठ मळले जात आहे, करंज्यांसाठी नारळ खवला जात आहे. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन भुईगावच्या किनाऱ्यावर जायचे की वसईच्या किल्ल्यात, याचे बेतही ठरत आहेत.

आणि याच दिवसांत आपल्या कानांवर येते, ‘प्रभूच्या येण्यासाठी अंतःकरण तयार करा.’ मग आपल्यातल्या अनेकांच्या मनात एक टोचणी लागते. आपले हात तर पिठात आणि रंगात बुडालेले आहेत. अंतःकरणाची तयारी कधी करायची? केक, सहल, नवे पडदे ही सारी ऐहिक सुखे आहेत. ती आपल्याला देवापासून दूर तर नेत नाहीत ना? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर आपण फारसे शोधत नाही. थोडे अपराधी वाटून घेतो आणि पुन्हा कामाला लागतो.

आधी पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. पहिल्याच अध्यायात देव जग निर्माण करतो आणि स्वतःच्या कामाकडे पाहून ते फार चांगले आहे असे म्हणतो. म्हणजे समुद्रावरचा सूर्यास्त पाहून आपल्याला जे वाटते, ते आधी निर्माणकर्त्यालाच वाटले. पुढे निर्गमच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर भेटतो. सोने, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर सुंदर काम करता यावे म्हणून देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तिथे सांगितले आहे (निर्गम ३१:१-५). हातांच्या कौशल्यासाठी पवित्र आत्म्याचे दान! तेव्हा क्रोशाचा रुमाल विणणाऱ्या आजीने किंवा गोठा बांधणाऱ्या मुलाने आपले काम क्षुल्लक समजू नये. प्रभू येशू स्वतः सुताराच्या घरात वाढला. त्याने रानातल्या फुलांकडे पाहायला शिकवले, कानातील लग्नघरी द्राक्षारस कमी पडू दिला नाही आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठावर निखाऱ्यांवर मासळी भाजून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले.

संत थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित. अतिशय गंभीर वृत्तीचे. परंतु त्यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांवर स्वतंत्र विचार केला आहे. तिथे ते संत योहानाची एक जुनी आख्यायिका सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यातील एकाच्या हातात धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सोडायला सांगितले आणि मग विचारले, हे असे सतत करता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. अक्वायनस याहीपुढे जातात. जो स्वतः कधी हसतखेळत नाही आणि दुसऱ्यांच्याही आनंदावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यात दोष आहे असे ते म्हणतात. पोप पॉल सहावे यांनी १९७५ च्या पवित्र वर्षात ख्रिस्ती आनंदावर खास पत्र लिहिले. निसर्ग, प्रेम, नीट पार पाडलेले काम अशा साध्या मानवी आनंदांची गोडी चाखायला शिका, असे त्यात त्यांनी सांगितले. सुखाची साधने वाढली तरी आनंद निर्माण करणे आजच्या समाजाला अवघड जाते, हेही त्यांनी त्याच पत्रात नोंदवले.

तर आनंद हे पाप नाही. मग ती टोचणी कसली?

लूकच्या शुभवर्तमानात घराच्या नूतनीकरणाचा एक दाखला आहे (लूक १२:१६-२१). एका श्रीमंताच्या शेतात भरपूर पीक आले. जुनी कोठारे पाडून मोठी बांधू आणि मग आरामात खाऊ-पिऊ, असे त्याने ठरवले. त्याच रात्री त्याचा प्राण गेला. देवाने त्याला मूर्ख म्हटले. का बरे? त्याने चोरी केली नव्हती. धान्य त्याच्याच शेतातले होते. पण हा दाखला लक्षपूर्वक वाचला की एक गोष्ट दिसते. त्यात दुसरे माणूसच नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. तो सल्लाही स्वतःलाच विचारतो आणि गप्पाही स्वतःशीच मारतो. उलट, हरवलेले मेंढरू सापडलेला मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावतो, हरवलेले नाणे सापडलेली बाई मैत्रिणींना हाक मारते, मुलगा परत आलेला बाप मेजवानी घालतो. आणि प्रभूच्या दाखल्यातील ती बाई तीन मापे पिठात खमीर मिसळते. तीन मापे म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३५ ते ४० लिटर पीठ. चार माणसांच्या घराला एवढे लागत नाही. ती भाकर अख्ख्या आळीला पुरेल.

आपण म्हणू, आम्ही त्या श्रीमंतासारखे नाही. आम्ही ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. जे करतो ते कुटुंबासाठी. इथेच आपण फसतो. हे आम्ही आमच्याच घरात शिकलो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमचे कौलारू घर नव्याने बांधायला काढले. हौसेने काढले. लाद्यांचे रंग निवडण्यात, स्वयंपाकघराचे नकाशे काढण्यात कितीतरी संध्याकाळी आनंदात गेल्या. पुढचा ओटा मोडून तिथे बैठकीची खोली मोठी केली, कुंपणाला भिंत घातली आणि लोखंडी फाटक बसवले. फादर येऊन घराला आशीर्वाद देऊन गेले. पाहुण्यांनी कौतुक केले. आई मात्र गप्प असायची. तिचे वय झाले म्हणून असेल, असे आम्हांला वाटले. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, “घर छान झालं. पण आता कोणी येत नाही.”

तेव्हा आमच्या लक्षात आले. त्या ओट्यावर आई सकाळी भाजी निवडायला बसायची. मिस्साहून परतणाऱ्या बाया तिथे घटकाभर टेकायच्या. मासळीवाली टोपली उतरवून पाणी प्यायची. शेजारची मुले पावसात तिथे खेळायची. चपला काढून, बेल वाजवून, सोफ्यावर बसायला यापैकी कोणीच येणार नव्हते. आम्ही घर मोठे केले आणि आईचे जग लहान केले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. नकाशा काढताना तिला विचारायचेच राहून गेले. पुढच्या मे महिन्यात आम्ही फाटकाच्या बाहेर, आंब्याखाली, एक बाक बांधला. आई जाण्यापूर्वी तिला दोन वर्षे त्या बाकाची सोबत मिळाली. ती दोन वर्षे मिळाली याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. आणि त्याआधी बेल न वाजवता परत गेलेल्या माणसांचा विचार मनात आला की आजही जीव खट्टू होतो.

म्हणून आम्हांला वाटते की सुखाची पारख ते ऐहिक आहे की आध्यात्मिक यावरून होत नाही. त्यात दुसऱ्याला जागा आहे का, यावरून होते. ‘आम्ही चौघे’ हासुद्धा एक मोठा ‘मी’ असू शकतो. किनाऱ्यावर सहलीला जाताना गाडीतील रिकाम्या जागेवर शेजारची एकटी मावशी बसू शकते. घराचे काम काढले तर नाक्यावरून आलेल्या मजुराला संध्याकाळी त्याची पूर्ण मजुरी मिळायला हवी. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, हे अनुवादाच्या पुस्तकातच लिहिलेले आहे (अनुवाद २४:१४-१५). आणि सहल रविवारी असेल तर मिस्सा चुकवून निघणे म्हणजे भेट घ्यायची आणि देणाऱ्याला दारात उभे करायचे.

कुणी विचारील, गरिबी एवढी असताना केक आणि रंगावर खर्च करणे हेच मुळात योग्य आहे का? प्रश्न खरा आहे. तो मनातून घालवून टाकू नये. दर तीन वर्षांनी आनंदाच्या रविवारी जे शुभवर्तमान वाचले जाते, त्यात लोक योहान बाप्तिस्त्याला विचारतात, आम्ही काय करावे? (लूक ३:१०-१४). योहान स्वतः रानात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र घालणारा. तरी तो कुणाला रानात यायला सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, एवढेच तो सांगतो. आपल्या अंगावरचा अंगरखा राहतो, पण दुसरा आता आपला नसतो. आपल्या नानखटाईच्या डब्यालाही हाच हिशेब लागू आहे.

आपल्या गावात नाताळच्या फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी नेण्याची रीत आहे. ख्रिस्ती असो वा हिंदू, शेजारी तो शेजारी. हल्ली ताटे ठरावीक घरीच जातात, जिथून परत ताट येते तिथे. या वर्षी एक ताट अशा घरी जाऊ द्या, जिथून काही परत येणार नाही. आजारी माणसाच्या घरी, भाड्याच्या खोलीतल्या परप्रांतीय कुटुंबाकडे किंवा ज्यांच्याशी बांधावरून बोलणे तुटले आहे त्यांच्याकडे. मुलांना बरोबर घ्या. ताट त्यांच्या हातात द्या.

बेथलेहेममध्ये त्या रात्री घरे होती, दिवे होते, चुलीही पेटलेल्या असतील. उतारशाळेत मात्र जागा नव्हती. आपण घर रंगवू, गोठा बांधू, केक भाजू. आणि हे सारे करताना दार थोडे उघडे ठेवू. येणारा बालयेशू आपल्या घरातील आनंद आशीर्वादित करो आणि त्यात इतरांसाठी जागा करण्याची सुबुद्धी आपल्याला देवो.