मानधन नाही, म्हणून हिशेबही नाही?

रजिस्टर स्कूटरवरून घरोघरी फिरलं, सह्या झाल्या आणि एका सामुदायिक रेडिओ केंद्राच्या सल्लागार समितीची बैठक पार पडली. इतिवृत्तात तारीख आहे, वेळ आहे, विषयपत्रिका आहे, ‘सर्वानुमते मंजूर’ आहे, शेवटी अध्यक्षांचे आभारही आहेत. त्या दिवशी त्या वेळी खोलीला कुलूप होतं, एवढंच त्यात लिहिलेलं नाही.

या आठवड्यात त्यावर पुष्कळ बोलून झालं, म्हणून ते सगळं परत सांगत बसत नाही. केंद्राचं नावही घेत नाही, कारण अकोला-अमरावतीकडच्या कोणत्याही सार्वजनिक समितीचं कपाट उघडा, असं एखादं रजिस्टर सापडेल. मला सह्यांपेक्षाही जास्त चीड आली ती नंतर सल्लागारांकडून मिळालेल्या उत्तराची. “आम्ही काही पगार घेत नाही. पदरचं पेट्रोल जाळून समाजासाठी वेळ देतो. फुकट काम करणाऱ्याला हिशेब कसला मागता?”

आधी पेट्रोलचं बोलू. ज्या बैठकीला तुम्ही गेलाच नाहीत, तिच्यासाठी तुमचं पेट्रोल जळलं कसं? जळलं असेल तर रजिस्टर घेऊन दारोदार फिरलेल्या शिपायाचं. ऊन डोक्यावर घेऊन तो राजापेठेतून कॅम्पात गेला, कॅम्पातून साईनगरात गेला. एका घरी ‘साहेब झोपले आहेत’ म्हणून फाटकाबाहेर उभा राहिला. त्या बैठकीसाठी कोणी घाम गाळला असेल तर त्याने.

आता फुकट कामाचं. मानधन नसलं की हिशेब नाही, हा नियम मान्य केला तर मग गणेश मंडळाच्या खजिनदाराला हिशेब नको, वाचनालयाच्या कार्यवाहाला नको, देवस्थानाच्या विश्वस्ताला तर मुळीच नको. यांतला कोणीही पगार घेत नाही. पण शंभर रुपये वर्गणी देणारा किराणा दुकानदारसुद्धा पावती मागतो आणि ती मागताना त्याला संकोच वाटत नाही. हिशेब पगाराचा नसतो, हाती सोपवलेल्या गोष्टीचा असतो. ती लोकांची असेल तर ती सांभाळणारा पगारी आहे की बिनपगारी, याने काही फरक पडत नाही.

शिवाय बिनपगारी म्हणजे बिनमोबदला, हेही मला मान्य नाही. पत्रिकेत नावापुढे ‘सल्लागार’ लागतं. व्यासपीठावर पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. वर्धापनदिनी पुष्पगुच्छ मिळतो, तो हातात धरून फोटो निघतो, फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. पुष्पगुच्छांवर मी या स्तंभात आधीही लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन, कारण आपल्याकडच्या अर्ध्याअधिक समित्या त्यांच्यावरच चालतात. वऱ्हाडात मान हा पैशाहून मोठा मोबदला आहे. तो घ्यायचा आणि कामाची विचारणा झाली की ‘आम्ही तर फुकट’ म्हणायचं, ही लबाडी आहे.

आणि हे कोणत्या मातीत म्हणता? गाडगेबाबांनी नाशिकला, आळंदीला, पंढरपुरात धर्मशाळा उभ्या केल्या. पै-पैसा लोकांकडून आला, वास्तू विश्वस्तांच्या हाती गेल्या, बाबा स्वतः खापर आणि झाडू घेऊन पुढच्या गावाला निघून गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. शेंडगावात जन्मलेला आणि वलगावजवळ देह ठेवलेला हा माणूस आपला आहे असं आपण अभिमानाने सांगतो. इकडे तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचलं. फुकट काम काय असतं हे अमरावतीला कोणी समजावून सांगायला नको.

सामुदायिक रेडिओच्या बाबतीत हे सगळं जास्त लागू होतं, कारण तिथे सोपवलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाद होता क्रिकेटचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा, बंगालची क्रिकेट संघटना एका बाजूला आणि केंद्र सरकार दुसऱ्या. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच वाटेने पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना असं केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. परवाना व्यक्तीला मिळत नाही, राजकीय पक्षाला मिळत नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला मिळत नाही. ज्या समाजासाठी केंद्र आहे, त्याचं प्रतिबिंब मालकीत आणि कारभारात दिसलं पाहिजे, असं धोरणातच लिहिलेलं आहे. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत आणि शक्यतो त्यांच्या बोलीत व्हावेत, हेही आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनी सल्लागार आणि कार्यक्रम समितीत किमान निम्म्या महिला हव्यात अशी अट घातली.

प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॉट. अमरावतीत मनोरा उभा केला तर आवाज बडनेऱ्याला, वलगावला पोचतो, अचलपूरला नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. इतकं छोटं वर्तुळ. पण याच वर्तुळात कोणाची भाषा ऐकू येणार आणि कोणाचं दुखणं विषय ठरणार, हे समिती ठरवते. आणि समितीत बसलेत कोण? निवृत्त प्राचार्य, वकील, एक-दोन माजी नगरसेवक, आणि महिलांच्या जागांवर त्यांच्या घरच्या महिला. मग कार्यक्रमही तसेच निघतात. निवेदिका पुण्याच्या मराठीत ‘गुड मॉर्निंग अंबानगरी’ म्हणते, आणि वऱ्हाडी ऐकू आलीच तर विनोदी पात्राच्या तोंडून. आपली बोली आपल्याच केंद्रावर फक्त हसण्यासाठी वापरली जाते, याचा मला मनापासून राग आहे.

भातकुलीकडच्या एका बाईला मी विचारलं होतं, अशा समितीवर बोलावलं तर याल का. निंदण करून आली होती, हाताला मातीचा थर, विळा अजून हातातच. ती म्हणाली, “मले कोन बलावते बावा? अन् बलावलं तरी अकरा वाजता मी वावरात असतो.” मग थोडं थांबून, “पन पान्याचं सांगाचं होतं मले.”

पाण्याचं म्हणजे खारपाणपट्ट्याचं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिच्या सुनेने माहेरून गोड पाण्याच्या कॅन आणल्याची गोष्ट तिने पाच मिनिटांत सांगितली. नळाला पाणी कधी येतं, नाही आलं तर कोणाला भेटायचं, किडनीच्या तपासणीला कुठे जायचं, हे तिला रोज हवं आहे. फवारणीचंही तसंच. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशीत डोक्याइतक्या उंचीच्या झाडांत उभं राहून फवारा मारणाऱ्याला कोणत्या वेळी काय जपायचं, हे त्याच्या बोलीत, त्याच्या वेळेला सांगणारा आवाज किती कामाचा असतो, हे त्या वर्षानंतर मी कोणाला पटवून द्यायला नको. समितीत एक फवारणी करणारा आणि एक निंदणारी असती, तर पाणी आणि फवारणी हे विषय यादीत पहिले आले असते.

म्हणून रिकामी खुर्ची मला निरुपद्रवी वाटत नाही. न येणारा सल्लागार दुसऱ्याची जागा अडवून बसलेला असतो.

‘बायका पुढे येत नाहीत’ असंही कोणीतरी म्हणालंच. म्हसवडच्या बायकांना १९९६ साली रिझर्व्ह बँकेने निरक्षर म्हणून बँकेचा परवाना नाकारला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि १९९७ साली त्यांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आज म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्रही चालतं. तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूरला २००८ पासून दलित शेतकरी बायका ‘संघम रेडिओ’ चालवतात आणि कार्यक्रम काय करायचे ते गावोगावच्या त्यांच्या संघांमध्ये ठरतं. या उत्तरावर याहून जास्त शाई खर्च करावीशी वाटत नाही. ‘आम्ही नुसता सल्ला देतो’ यावर तर अजिबात नाही.

मी फार काही मागत नाही. वर्षभरात चार बैठका होऊ द्या, त्या सकाळी अकराला नकोत, वावरातून बाया परतल्यावर संध्याकाळी सातला घ्या, आणि दर वेळी वातानुकूलित सभागृहात नकोत, एखादी वलगावच्या समाजमंदिरात घ्या. कार्यक्रमांचं वेळापत्रक समोर ठेवा, गेल्या महिन्यात किती तास वऱ्हाडीत गेले ते सांगा. आणि इतिवृत्त कपाटात ठेवण्याऐवजी केंद्रावरूनच वाचून दाखवा. कोण आलं, कोण नाही आलं, कोण काय म्हणालं, सगळं. नव्या नियमांनी तासाला बारा मिनिटं जाहिरातींना दिली आहेत, तिथे महिन्यातून एकदा पाच मिनिटं श्रोत्यांना हिशेब द्यायला अवघड जाऊ नये. दहा सल्लागारांपैकी चार जरी नेमाने आले तरी माझी तक्रार नाही. माणसांना संसार असतो, आजारपणं असतात, लग्नसराई असते. बाकीच्या सहांनी मात्र या महिन्यात राजीनामे द्यावेत. दोन ओळी पुरतात, आणि तो कागद न्यायला शिपायाला पाठवू नका, स्वतः जाऊन द्या.