वीट कोणाच्या पायाखाली?

बहरीनमध्ये, हूऱ्यात एक्झिबिशन रोडजवळच्या एका हॉटेलात पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी कोण, रात्री कोण, शुक्रवारची सुट्टी कोणाला. ऐकायला कारकुनी काम वाटेल. पण कोणाच्या घरच्यांनी किती वाट बघायची ते त्या तक्त्यावर ठरतं, म्हणून मला तो धर्माचा प्रश्न वाटतो.

हाउसकीपिंगमधला एक मुलगा राजापूरकडचा आहे. इथे पाच वाजले की तिकडे साडेसात होतात, आणि त्याच्या आईची जेवणाआधीची इन्शुलिनची वेळ होते. तिला बारीक आकडे दिसत नाहीत. तो चादरींच्या ट्रॉलीला फोन टेकवून उभा राहतो. "आये, पेन जवळ धर. अजून जवळ. आता फिरव… बस, चौदा झाले." तिनं सुई टोचली की मोठ्यानं दहापर्यंत मोजतो, कारण सुई लगेच काढली तर औषध बाहेर येतं. गुरुवारी नेमकी हीच वेळ समुद्रावरच्या कॉजवेवरून सौदी कुटुंबं येऊन खोल्यांसाठी खोळंबण्याची.

कायद्याला ही दहा मिनिटं ठाऊक नाहीत. बहरीनच्या २०१२च्या कामगार कायद्यात बाळंतपणाची ६० दिवसांची भरपगारी रजा आहे, बाळाला पाजण्यासाठी रोजची सवलत आहे, बापाला मूल झालं की एक दिवस आहे. समुद्रापलीकडच्या आईला सांभाळणाऱ्या मुलासाठी काही नाही. घरकाम करणाऱ्या बायका तर त्यातल्या बहुतेक कलमांबाहेरच आहेत.

पुंडलिकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती सांगताना सगळा भर मुलाच्या सेवेवर असतो. इथे तक्ते लावता लावता मला त्यातला विठ्ठल जास्त दिसायला लागला. पुंडलिकाला आईवडिलांची सेवा पुरी करता आली, कारण दारात आलेला विठ्ठल त्यानं सरकवलेल्या विटेवर थांबायला तयार झाला. म्हाताऱ्यांना थांबणं शक्य नव्हतं, देवाला होतं. ज्याचं थांबून काही बिघडत नाही त्यानं थांबायचं, असा त्या विटेचा अर्थ मी लावते. आमच्या मालकांनाही हे परकं नाही. लढाईला निघालेल्या माणसाला पैगंबरांनी आईवडील हयात आहेत का विचारलं आणि त्यांच्याच सेवेला परत पाठवलं, ही हदीस त्यांनीच मला सांगितली होती. हूऱ्यातच बैत अल कुरआन हे संग्रहालय आहे. ज्या ग्रंथाच्या जुन्या प्रती तिथे जपल्या आहेत, तो आईला बाळ पाजायला पुरी दोन वर्षं देतो. कायद्यातली सवलत वर्षभरात संपते.

मात्र रिसेप्शनवरचा मल्याळी मुलगा एकदा म्हणाला, "मॅडम, माझं लग्न झालेलं नाही म्हणून दर गुरुवारची संध्याकाळ माझीच का?" त्याचं बरोबर आहे. पुंडलिकानं वीट शेजाऱ्याच्या पायाखाली सरकवली नव्हती. जनी नामदेवांच्या घरची दासी. तिचं दळण दुसऱ्या दासीवर पडलं नाही, विठ्ठल स्वतः जात्याला बसला, असं आपल्याकडे सांगतात. एका नोकराची सोय दुसऱ्या नोकराच्या माथी मारून मालकानं दयाळू म्हणवून घेणं मला पटत नाही. सोसायचं ते धंद्यानं.

हॉटेल म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, असं कोणी म्हणेल. पण रोज चाळीस-चाळीस गाद्या उचलणारे ते हात त्या माउलीनं पेज भरवून वाढवले. त्याचं बिल आमच्याकडे कधी आलं नाही. आता तिच्या इन्शुलिनची दहा मिनिटं तेवढी जड व्हावीत?

संध्याकाळच्या पाळीला एक जादा माणूस द्यावा, असा अर्ज मी मालकांकडे दिला आहे. हिशेबनीस म्हणाले, कारण म्हणून 'सीझनची गर्दी' लिहा, लगेच सही होईल. मी 'कर्मचाऱ्यांच्या घरच्या जबाबदाऱ्या' असंच लिहिलं. सीझनचं कारण दिलं तर सीझन संपल्यावर तो माणूस काढून घेतील, आणि राजापूरला साडेसात तर रोजच वाजणार आहेत.