जुनं की जीर्ण?

आजचं चिंतन: गीता, अध्याय २, श्लोक २२. देह सोडणं म्हणजे वस्त्र बदलणं, हा दृष्टांत आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण तिथलं वस्त्र नुसतं जुनं नाही, जीर्ण आहे.

समजा, भरपूर पळवलेली रोड बाईक देऊन कमी वापरलेली सेकंडहँड घ्यायचीय. आधी चेन मोजा. १२ इंचांमागे १/१६ इंच वाढली असेल तर चेन बदला, सायकल कशाला? फ्रेमलाच तडा गेलाय? मग ती जीर्ण. खुशाल बदला, फक्त तडा लपवून कुणाच्या गळ्यात मारू नका.

आणि यातलं काहीच नसेल, तर कंटाळलंय ते मन. त्याला दुसरी सायकल तरी किती दिवस पुरणार?

राम कृष्ण हरी.