पाठीवरचे बिऱ्हाड आणि ताशी पंचावन्न मैल

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे काहीशा कुत्सितपणे वापरली जाते. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम हाती पडणाऱ्या आमच्यासारख्यांना ती आप्तांच्या तोंडून अनेकदा ऐकावी लागते. अमेरिकेत मात्र लोकांनी ती हौसेने खरी करून दाखविली आहे. तेथे पिकअप जातीच्या लहान मालमोटारीच्या हौद्यावर एक सबंध खोलीच चढवितात. तीत शेगडी, मोरी, बिछाना, पाण्याची टाकी, सर्व काही असते. या वाहनास ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच वाहनातून, चार्ली नावाच्या आपल्या कुत्र्यास सोबत घेऊन, सुमारे दहा हजार मैल देश पाहत हिंडला. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याने गाडीचे नाव ‘रोसिनांते’ ठेविले होते. ती गाडी कॅलिफोर्नियात सॅलिनास या त्याच्या जन्मगावी जपून ठेविलेली आहे.

अशा वाहनाच्या मालकास पडणारा प्रश्न वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा आहे: हमरस्त्यावर कोणत्या वेगाने गेल्यास पेट्रोल पुरेल? त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाने देऊन ठेविले आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांऐवजी ६५ मैल गेल्यास वेग वाढतो १८ टक्के, पण हवेचा विरोध वाढतो सुमारे ४० टक्के. ठेंगण्या, निमुळत्या मोटारीस हे फारसे जाणवत नाही. कॅम्परचे तसे नाही. चालकाच्या डोक्यावरून पुढे आलेला त्याचा निजण्याचा भाग म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंतच होय. अशी गाडी ६५ च्या वेगाने गॅलनला दहा मैल, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर जाते असे धरू. शंभर मैलांच्या मजलीत वेग ५५ वर आणल्यास सुमारे सतरा मिनिटे अधिक लागतात; आणि गाडीच्या एकंदर श्रमात हवेचा वाटा निम्माच धरला, तरी सव्वा ते दीड गॅलन पेट्रोल वाचते.

सतरा मिनिटे मोठी की दीड गॅलन? मालक म्हणेल, पैसे माझे, वेळ माझा. तुम्ही विचारणारे कोण? या उत्तरात तथ्य नाही असे नव्हे. मनुष्याच्या आयुष्यातील सतरा मिनिटे परत येत नाहीत; पण ज्या तेलास तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागली, तेही परत येत नाही. पैसे देऊन आपण तेल बाजारातून उचलण्याचा हक्क विकत घेतो. ते नाहीसे करण्याचा हक्क विकणारा मात्र कोणीच नाही, कारण ज्यांच्यापासून तो विकत घ्यावयाचा ते अद्याप जन्मास आलेले नाहीत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी सबंध देशासाठी ताशी ५५ मैलांच्या मर्यादेच्या कायद्यावर सही केली. तेल किती वाचले याविषयी वाद राहिला. रस्त्यावरील मृत्यू मात्र एका वर्षात सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले, अर्थात त्या वर्षी लोकांनी प्रवासही कमी केला होता. खरी गंमत मॉन्टाना राज्यात झाली. तेथे गावागावांमधील अंतरे अफाट, रस्ते ओस. लोकांना हा कायदा जाचक वाटला. तेव्हा राज्याने दिवसा मर्यादा ओलांडणारास अवघा पाच डॉलर दंड ठेविला, आणि गुन्हा ठरविला तो भरधाव हाकण्याचा नव्हे, तर टंचाईतील साधनसंपत्तीच्या अपव्ययाचा! चालक पाच डॉलर देत आणि पुढे निघत.

आम्हांस या दंडाविषयी पुष्कळ विचार करावासा वाटतो. अपव्यय हा गुन्हा आहे असे एखाद्या कायद्याने उघडपणे म्हणावे, ही गोष्ट थोर आहे. पण त्याच कायद्याने त्या गुन्ह्याची इतकी माफक किंमत लावावी, की तो दंड न राहता जकात व्हावी! दंडात लाज असते, जकातीत नसते. पुढे १९९५ च्या अखेरीस राष्ट्रीय मर्यादा रद्द झाली आणि मॉन्टानात दिवसा आकडाच उरला नाही. ‘वाजवी व विवेकी’ वेगाने जावे, एवढाच नियम राहिला. १९९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द फारच संदिग्ध आहेत असा निर्णय दिला आणि १९९९ मध्ये ताशी ७५ चा आकडा आला. न्यायालयाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. विवेक मोजण्याचे यंत्र शिपायाजवळ नसते.

यावर कोणी म्हणेल की, हौसेखातर घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्याने दीड गॅलन वाचविणे म्हणजे निव्वळ ढोंग. वाचवायचे तर घरीच बसावे. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. जो सर्वस्व सोडू शकत नाही त्याने काहीच सोडू नये, असा नियम केला तर संन्याशांखेरीज कोणास नीती उरणार नाही. दुसरा आक्षेप मात्र अवघड आहे. सर्व वाहने सत्तरने धावत असता एकट्यानेच पंचेचाळीसने जाणारा आपली काटकसर इतरांच्या जिवावर करतो. मागून येणाऱ्या अवजड मालमोटारीस अचानक गतिरोध करावा लागतो. अशा ठिकाणी त्याने उजवीकडची संथ वाहनांची पट्टी धरावी, किंवा सरळ जुना लहान रस्ता घ्यावा. आजारी आईकडे निघालेल्याची घाई आम्ही समजू शकतो. परंतु ज्याचे घर पाठीवरच आहे, ज्याची शेगडी आणि अंथरूण त्याच्यापासून चार हातांवर आहे, त्याला उशीर कोठे होणार, हे आम्हांस उमगत नाही.

हे लिहिण्याचा आम्हांस अधिकार किती? कचेरीतील मोटारीची लॉगबुके तपासणे हे आमचे एक काम. किलोमीटर आणि लिटर यांचा मेळ बसला नाही की आम्ही लाल शाईने शेरा मारतो. वेगाचा रकाना त्या वहीत नाही. गेल्या वर्षी रजेवर गावी निघालो, तेव्हा स्टेशनास नेणाऱ्या भाड्याच्या गाडीवाल्यास आम्ही वाटभर ‘जरा दामटा’ म्हणत होतो. फलाटावर पोहोचलो तो गाडीस यावयास अद्याप पाऊण तास होता. आम्ही चहा घेतला, वर्तमानपत्र घेतले, ते वाचून झाले, आणि मग ट्रंकेवर बसून राहिलो.